गाढी नदीचे मासे कुठे गेले?

मित्रांनो, पनवेल तुम्ही नक्की पाहिले असेल. निदान एस.टी.च्या खिडकीतून तरी! कोकणात जा, पुण्याला जा, गोव्याला जा, वाटेत पनवेल येतेच. गाडी स्थानकात थांबते, कोणी वडापाव आणायला उतरते, कोणी पाण्याची बाटली भरून घेते आणि दहा मिनिटांत गाडी पुढे निघते. एवढ्यात गावाची काय ओळख होणार?

म्हणून आज आपण गाडी सोडून देऊ आणि पायी निघू. पण रस्त्याने नाही, नदीच्या काठाकाठाने. आणि जाता जाता एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू: इथल्या नदीतले मासे कुठे गेले?

पनवेल हे पूर्वी बंदर होते बरं का! भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून आत येत. इथला कोळीवाडा आजही आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगरातून उतरणाऱ्या नद्या. मग माशांना काय तोटा? खाऱ्या पाण्याचे मासे, गोड्या पाण्याचे मासे आणि दोन्हीकडे ये-जा करणारे मासे, असे तिन्ही प्रकार इथल्या टोपल्यांत दिसायचे.

वलगणीची वाट

आपली चाल डोंगरापासून सुरू करू. गाढी नदी माथेरानच्या डोंगररांगेतून येते. वाटेत देहरंगचे धरण लागते. पनवेल नगरपालिकेने गावाला पाणी मिळावे म्हणून ते बांधले. पुढे नेरे, विचुंबे अशी गावे करत नदी पनवेलला येते, काळुंद्री नदीला भेटते आणि खाडीत शिरते.

जून महिन्यात पहिला जोरदार पाऊस पडला, की या नदीत एक मोठी गंमत होते. ओढे भरतात, भातखाचरे तुडुंब होतात आणि मातीचा वास असलेले गढूळ, गार पाणी नदीत येऊ लागते. माशांना ही वर्दी पुरेशी असते. पोटात अंडी घेऊन ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि ओहोळातून थेट भाताच्या खाचरात! यालाच आपल्या रायगड जिल्ह्यात वलगण म्हणतात. तळकोकणात 'चढणीचे मासे' म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर पिल्लांसाठी. खाचरातले पाणी उथळ आणि उबदार असते. तिथे बारीक किडे-शेवाळ यांची मेजवानी असते आणि गिळायला टपलेले मोठे मासे कमी असतात. पिल्ले तिथे वाढतात आणि पाणी ओसरायच्या आत पुन्हा नदीत उतरतात. म्हणजे भाताचे खाचर हे माशांचे पाळणाघरच झाले, नाही का?

आता विचार करा, या प्रवासाला काय काय लागते? एक, वाट मोकळी हवी. दोन, पाणी श्वास घेण्याजोगे हवे. तीन, चढणाऱ्यांपैकी काही मासे तरी अंडी घालेपर्यंत जिवंत राहायला हवेत. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आपण त्याच एकेक करून तपासणार आहोत.

पहिली गोष्ट, वाट. धरणाची भिंत मासा चढू शकत नाही, हे उघडच आहे. पण अडथळा एवढा मोठाच लागतो असे नाही. रस्त्याखालच्या मोरीचा पाइप ओढ्यापेक्षा हातभर उंच बसवला, तरी लहान माशांची वाट बंद! शिवाय ज्या खाचरांकडे मासे निघालेले असतात, ती खाचरे तरी कुठे राहिली? पनवेलच्या आसपास भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. माणसांना घरे हवीतच. पण माशाला बिचाऱ्याला हे कोण सांगणार? तो पावसाचा निरोप मिळाल्यावर निघतो आणि पाळणाघराच्या जागी त्याला भिंत दिसते.

मासा पाण्यात गुदमरतो का?

दुसरी गोष्ट, श्वास. एकदा आमच्या वर्गात एका मुलाने विचारले, "बाई, मासा पाण्यात गुदमरतो का हो?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ले गाळून घेतात. आता आकडे बघा. एक लिटर हवेत २५० मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन असतो. आणि एक लिटर गोड्या पाण्यात? पाणी २५ अंश सेल्सिअस तापमानाचे असेल, तर जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम! ३० अंशांना तो साडेसातवर येतो. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणजे आपल्याकडे शिधा भरपूर, आणि माशाचा संसार मात्र आधीच काटकसरीचा. मे महिन्यात तर फारच ओढाताण.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासे जगण्यासाठी पाणी कसे असावे याचा निकष ठरवला आहे. लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन त्यात हवाच. आता हा थोडासा ऑक्सिजन पळवतो कोण?

एक उदाहरण घेऊ. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी छान छान नावे आहेत तळ्यांची. समजा, अशा एखाद्या तळ्यात टोपलीभर निर्माल्य टाकले. फुले-पाने कुजू लागतात. कुजवण्याचे काम करणारे सूक्ष्म जीव जेवता जेवता श्वासही घेतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवत जातात. घराघरांतले सांडपाणी नदीत सोडले, की हेच मोठ्या प्रमाणावर घडते. पाण्यातली घाण कुजवायला सूक्ष्म जीवांना किती ऑक्सिजन लागेल, हे मोजता येते. त्या आकड्याला शास्त्रज्ञ 'बीओडी' म्हणतात. हा आकडा जितका मोठा, तितके पाणी माशांना वाईट.

आणखी एक गोष्ट. सांडपाण्यातल्या खतासारख्या द्रव्यांमुळे तळे हिरवेगार होते. शेवाळ माजते. दिवसा हे शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करते, पण रात्री तेही ऑक्सिजन वापरू लागते. म्हणून सर्वांत वाईट वेळ कोणती? पहाटेची! त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसतात. ते गुदमरत असतात. आमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे 'हो' आहे.

कासाडीच्या काठी

आता गाढीचा काठ सोडून थोडे उत्तरेला जाऊ. तिथे कासाडी नावाची नदी आहे. ती तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहते आणि पुढे खाडीला मिळते. तळोज्यात रसायनांचे, औषधांचे, अन्नपदार्थांचे, यंत्रांचे असे शेकडो कारखाने आहेत.

२०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात ही नदी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. कशामुळे माहीत आहे? निळ्या कुत्र्यांमुळे! खाणे शोधायला भटकणारी तळोज्यातली कुत्री चक्क निळी दिसू लागली होती. एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगद्रव्याचा तो प्रताप होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. त्याच सुमारास कासाडीच्या पाण्याच्या तपासणीचा आकडाही छापून आला. बीओडी होता लिटरमागे ८० मिलिग्रॅम. तो ६ च्या वर गेला, तर मासे तग धरत नाहीत, असेही त्याच बातम्यांत म्हटले होते. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेले.

कुत्री निळी झाली म्हणून सगळ्यांना दिसली. पण त्याच पाण्यातल्या माशांचे काय? त्यांचा रंग काही बदलला नाही.

कारखान्याच्या पाण्यात आम्ल असेल किंवा अमोनिया असेल, तर माशाचे कल्ले भाजल्यासारखे होतात. त्यांच्यावर चिकट थर जमतो आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही तो घेता येत नाही. तांब्याचे क्षार अगदी थोडे मिसळले, तरी माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते. हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. वासावर वाट ओळखणाऱ्या माशाला वासच आला नाही, तर तो जाणार कुठे? शिवाय मोठा मासा जे पाणी कसेबसे सोसतो, ते त्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना सोसत नाही. म्हणजे नदीत मोठे मासे दिसत असतात, पण त्यांच्यामागून येणारी पिढीच नसते.

"मग कारखाने बंदच करून टाका!" असे तुम्ही म्हणाल. थांबा. हा लेख वाचणाऱ्या कितीतरी मुलांचे आई-बाबा अशाच कारखान्यांत काम करतात. घर त्यावर चालते. आणि नदीत फक्त कारखान्यांचे पाणी येते असेही नाही. तुमच्या-आमच्या मोरीचे पाणीही तिथेच जाते. प्रश्न कारखाना हवा की नको हा नाही. पाणी स्वच्छ करून मगच सोडायचे की नाही, हा आहे. त्यासाठी आपल्या देशात १९७४ सालापासून कायदा आहे आणि तळोज्यात अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्रही आहे. म्हणजे करायचे काय हे माहीत आहे. ते रोज, चोख आणि कोणी बघत नसतानाही करायचे, एवढेच अवघड आहे!

मासे तर दिसतात की!

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, "पण पुलावरून बघितले, तर पाण्यात मासे दिसतात. मग बिघडले कुठे?"

छान प्रश्न! पण कोणते मासे दिसतात, हे बघायला हवे. पाण्यातला ऑक्सिजन घटतो, तेव्हा टिकतात ते वेगळ्या युक्त्या असलेले मासे. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकते. चिखलात राहणारी निवटी कल्ल्यांत पाणी साठवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. आफ्रिकेतून आलेला तिलापिया कमी ऑक्सिजनमध्ये, घाण पाण्यातही वाढतो. आफ्रिकन मांगूर तर इतका खादाड आणि चिवट, की २००० साली भारत सरकारने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली.

म्हणजे नदीत मासे असणे आणि नदी निरोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेतली चाळीस मुले जाऊन त्यांच्या जागी तीच ती दोन मुले वीस-वीस वेळा हजेरी देऊ लागली, तर पट भरलेला दिसेल. पण शाळा भरली असे म्हणाल का?

खाडीवरचा जिताडा

चला, आता खाडीपर्यंत आलो. इथे कांदळवने आहेत. त्यांना आपण खारफुटी किंवा तिवरे म्हणतो. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोळंबी, चिंबोऱ्या आणि कितीतरी माशांची पिल्ले लपून वाढतात. गोड्या पाण्यातल्या माशांना जसे भाताचे खाचर, तशी या पिल्लांना तिवरे. खाडीवरही ताण कमी नाही. पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला, त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि पाणथळ जमिनीवर मोठा भराव पडला. विमानाने जाणाऱ्याला ते वरून दिसणारही नाही.

खाडीचा राजा म्हणजे जिताडा. रायगड जिल्ह्यात पाहुण्याला जिताडा खाऊ घालणे हा मोठा मान! या माशाची गोष्ट ऐका. तो जन्मतो समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यात, वाढतो खाडीत आणि नदीच्या गोड्या पाण्यात, आणि अंडी घालायला पुन्हा खाऱ्या पाण्याकडे जातो. वलगणीच्या अगदी उलट! त्याहून नवल म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे लहान असतानाच सगळे जिताडे मेले किंवा पकडले गेले, तर अंडी घालायला मादीच उरणार नाही. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. ती वाचली, तर केवढे गोकुळ!

हीच आपली तिसरी गोष्ट. अंडी घालेपर्यंत काही मासे जगायला हवेत. समुद्रात त्यासाठी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आणि वलगण? ती तर आपण नेमकी तेव्हाच पकडतो. "पण आमचे पणजोबाही पकडत होते!" खरे आहे. तेव्हा वाट मोकळी होती, पाणी स्वच्छ होते, आणि जाळ्यातून निसटलेले मासे वर्षभराची तूट भरून काढत. आता निसटलेल्यांना जायला जागा नाही. त्यात कोणी मच्छरदाणीसारखे बारीक जाळे लावले किंवा ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकली, तर पिल्लूसुद्धा उरत नाही.

न दिसणारा तोटा

कधीतरी नदीत हजारो मासे पोट वर करून तरंगतात. त्या दिवशी गर्दी जमते, फोटो निघतात, तक्रारी होतात. ते व्हायलाच हवे. पण मेलेला मासा सगळ्यांना दिसतो. न आलेला मासा कोणाला दिसतो? जी वलगण चढलीच नाही, जी अंडी फुटलीच नाहीत, त्यांची बातमी होत नाही.

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली याबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जेवढे मासे पाहते, तेवढेच खरे प्रमाण समजते. आजोबांनी दहा प्रकार पाहिले, बाबांनी सहा, तुम्ही दोन. पण तुम्हाला दोनच माहीत असल्यामुळे काही हरवले आहे असे वाटतच नाही! हरवल्याचे कळले नाही, तर शोधणार कोण?

मग सगळे संपले का? मुळीच नाही. इंग्लंडमधल्या थेम्स नदीचे उदाहरण घ्या. १९५७ साली लंडनजवळची थेम्स जवळजवळ मृत ठरवली गेली होती. पाण्यात ऑक्सिजनच उरला नव्हता. मग शहराने सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था सुधारली. १९७४ साली तिथे सॅमन मासा पुन्हा सापडला आणि आज त्या नदीत शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत. नदी माफ करते, पण आपण घाण ओतणे थांबवले तरच.

इतक्या दूर कशाला? आपल्या रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. गावकरी ते पकडत नाहीत, कोणाला पकडू देत नाहीत. म्हणून तिथे मोठमोठे मासे निर्धास्त फिरताना दिसतात. ही काळ नदी पुढे सावित्रीला मिळते आणि त्या सावित्रीत महाडच्या कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. एकाच तालुक्यात दोन्ही चित्रे! फरक माशांत नाही, माणसांत आहे.

तुमची नदीची वही

आता तुमचे काम. एक वही करा. पहिल्या पानावर दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात आजी-आजोबांना विचारून त्यांनी तुमच्या गावच्या नदीत, तळ्यात किंवा खाडीत पाहिलेल्या माशांची नावे लिहा. कोळीवाड्यातल्या मावशींना विचारलेत, तर पान पुरणार नाही! उजव्या रकान्यात तुम्ही स्वतः पाहिलेले मासे लिहा.

पुढच्या पानांवर तारखा घाला. पहिला मोठा पाऊस कधी झाला, मासे चढताना दिसले का, पाण्याचा रंग कसा होता, फेस किंवा उग्र वास होता का. हे सगळे काठावरून, मोठ्या माणसांबरोबर जाऊनच पाहा. संशयास्पद पाण्यात उतरू नका, हात घालू नका. मासे मेलेले दिसले, तर दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि बाबांना, आईला किंवा बाईंना सांगून पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवा. तारीख-वार लिहिलेली तक्रार टाळणे कोणालाही कठीण जाते.

आणि शेवटी वहीच्या पहिल्या पानावर परत या. डाव्या रकान्यातून उजवा रकाना वजा करा. हे गणित तुमच्या पुस्तकात सापडायचे नाही. जी बाकी उरेल, ते न आलेले मासे. त्यांची नावे तरी तुम्हाला ठाऊक झाली. ज्यांची नावे ठाऊक असतात, त्यांची वाट पाहता येते.